हायवे नको रे, बाबा!

मोबाइलच्या मॅपमध्ये 'अव्हॉइड हायवेज' नावाचं एक छोटंसं बटण असतं. तुमच्यापैकी किती जणांनी ते कधी दाबलंय? हात वर करा बरं! बघा, कोणीच नाही. आपण सगळे बरोबर उलटं करतो. फास्टेस्ट रूट, कमीत कमी मिनिटं, टोल गेला खड्ड्यात. समृद्धी महामार्गावर एकशेवीसने जाता येत असताना साकूर-मांडव्याच्या रस्त्याने कोण कशाला जाईल?

मी जाणारेय. या दिवाळीत. आणि माझ्या गाडीला पुढे-मागे लाल रंगाचा 'एल' लावलेला असणारेय.

तर मंडळी, सिच्युएशन अशी आहे. मी खराडीतल्या एका ऑफिसात आठ तास स्क्रीनकडे बघणारी, घरी कंपनीच्या कॅबने जाणारी मुलगी. वय २८. लर्निंग लायसन्स गेल्या महिन्यात निघालं. ऑफिसातली पोरं म्हणाली, "अगं, आत्ता?" तर हो, आत्ता. कारण आमच्या घरात गाडी चालवणारा माणूस एकच होता आणि त्याला गाडी चालवायची गरज आहे असं कधी कोणाला वाटलंच नाही. बाबांनी जामखेड डेपोत तीस वर्षं एसटी चालवली. रिटायर झाल्यावर २०१४ सालची सेकंडहँड वॅगन-आर घेतली आणि ती एसटीसारखीच चालवली. म्हणजे दोन्ही हात स्टिअरिंगवर, वळणावर हॉर्न आणि गप्पा बंद.

दरवर्षी भाऊबीजेला ते राजूरला जातात. अकोले तालुक्यातलं, भंडारदऱ्याच्या अलीकडचं राजूर. तिथे माझी आत्या असते. जामखेड जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, राजूर वायव्येला. महाराष्ट्रातल्या सगळ्यात मोठ्या जिल्ह्याची दोन टोकं! (कागदोपत्री २०२४ पासून अहिल्यानगर. बोलताना आमच्याकडे अजून 'नगरला जाऊन येतो' असंच निघतं तोंडातून.) १७ हजार चौरस किलोमीटरच्या वर पसरलेला, चौदा तालुक्यांचा जिल्हा. त्याच्या एका कोपऱ्यात भाऊ आणि दुसऱ्या कोपऱ्यात बहीण, हा आमच्या आजोबांचा प्लॅनिंगचा नमुना.

दोन वर्षांपूर्वी बाबांना काचबिंदू निघाला. ज्यांच्या घरात हा आहे त्यांना माहीत असेल, हा आजार आधी कडेची नजर खातो. समोरचं सगळं दिसत असतं, पेपर वाचता येतो, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. डॉक्टरांनी गाडी चालवायला नको म्हणून सांगितलं. मागच्या वर्षी वहिनीने गाडी नेली. दादा नोकरीनिमित्त गुजरातमध्ये आहे आणि जानेवारीत वहिनीही तिकडे शिफ्ट होतेय. म्हणजे पुढच्या भाऊबीजेला गाडी कोण नेणार, याचं उत्तर मला यंदाच द्यायचंय.

एसटीने का नाही? कारण आईचे गुडघे, दिवाळीची गर्दी आणि तीनदा गाडी बदलणं. भाड्याने ड्रायव्हर? बॉस, तीस वर्षं स्टिअरिंग धरलेल्या माणसासमोर हा विषय एकदा काढून बघा!

आता थोडं कायद्याचं. बोअर होऊ नका, यातच सगळी गंमत आहे. लर्निंग लायसन्स हल्ली घरबसल्या निघतं, आधार कार्ड असलं की महाराष्ट्रात २०२१ पासून ही सोय आहे. ते सहा महिने चालतं आणि देशभर चालतं. म्हणजे लर्नरने लांब जाऊ नये असं कायदा म्हणत नाही. कायदा दोनच गोष्टी मागतो. एक, पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल', किमान १८ सेंटिमीटरचा चौकोन आणि त्यात किमान १० सेंटिमीटर उंचीचं अक्षर. बाजारातला टिकलीएवढा स्टिकर चालत नाही, कळलं? दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: शेजारच्या सीटवर पक्कं लायसन्स असलेला माणूस हवा आणि तो अशा जागी बसलेला हवा की वेळ आली तर गाडी आवरू शकेल. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत सरांच्या पायाशी त्यांचा वेगळा ब्रेक असतो. घरच्या गाडीत शेजारच्याच्या हाताशी फक्त हँडब्रेक. तोही नसला आणि काही घडलं, तर इन्शुरन्सवाल्यांशी भांडायची तयारी ठेवा.

पक्क्या लायसन्सची टेस्ट तीस दिवसांनी देता येते. माझी तारीख दिवाळीनंतरची मिळालीय. ती आधीची असती तरी हा प्लॅन बदलला नसता. कार्ड हातात आल्यामुळे हाफ क्लच सुधारतो असं मी अजून ऐकलेलं नाही.

तर प्लॅन. नकाशात नगर शहर बघा. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा असतो ना, तसं ते मध्यभागी बसलंय आणि त्यातून आरे बाहेर पडावेत तसे मोठे रस्ते निघतात: पुणे, दौंड, सोलापूर, जामखेड-बीड, पाथर्डी, संभाजीनगर, मनमाड, कल्याण. आठ! मॅपने सांगितलेला सरळ रस्ता एका आऱ्याने तुंब्यात शिरतो आणि दुसऱ्याने बाहेर पडतो. जामखेड-आष्टी-कडा-नगर, मग मनमाड रोडने राहुरी, कोल्हार, तिथून लोणी-संगमनेर-अकोले-राजूर. (यातले आष्टी आणि कडा बीड जिल्ह्यात. म्हणजे आम्हाला आमच्या जिल्ह्याच्या गावी जायला दुसऱ्या जिल्ह्यातून जावं लागतं. असो.) सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. बहुतेक सगळे कंटेनर, ट्रॅव्हल्स आणि शिर्डीला निघालेल्या गाड्यांच्या सोबतीने.

मी ते बटण दाबलं. मॅपने लगेच ऐकलं आणि मला एका कालव्याच्या कडेकडेने, दोन वस्त्यांमधून आणि बहुतेक कोणाच्या तरी उसातून नेलं. मी मोबाइल बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, स्क्रीन नाकाजवळ नेली आणि म्हणाले, "ह्याला काय कळतंय? त्या रोडनी एसटी जाती का, ते बघ आधी."

मंडळी, हा फंडा मला कुठल्याही ट्रॅव्हल साइटवर मिळाला नसता! ज्या रस्त्याने एसटी जाते, त्या रस्त्यावर पूल आहे, वळायला जागा आहे, फाट्यावर टपरी आहे आणि गाडी बंद पडली तर थांबलेली माणसं आहेत. बाबांच्या भाषेत, "जिथं एसटी वळती तिथं तुझी डबडी वळंलच." राज्यातली पहिली एसटी १ जून १९४८ ला धावली ती पुणे ते अहमदनगर, हे ते अशा वेळी हमखास सांगतात, जणू तीही त्यांनीच चालवली होती. मग वही निघाली. मुक्कामी गाड्या कुठून जायच्या, कुठला रस्ता पावसाळ्यात बंद पडायचा, कुठे वळण घेताना मागचं चाक उतरायचं, सगळं. रस्ते तेव्हापासून बदललेत, म्हणून बाबांचं प्रत्येक वाक्य त्या त्या गावच्या कोणाला तरी फोन करून पडताळून घेतलं. कोणत्या गावाचा आठवडे बाजार कुठल्या वारी, हेही त्याच फोनवर. बाजाराच्या दिवशी रस्ता रस्ता राहत नाही.

नगर टाळायचं म्हणजे तुंब्याला वळसा घालायचा. वळसा उत्तरेकडून की दक्षिणेकडून, यावर आमच्या घरात दोन रविवार गेले. उत्तरेकडून पाथर्डी, शेवगाव, नेवासा, श्रीरामपूर, लोणी. रस्ते बरे आहेत, पण हा सगळा साखरेचा पट्टा. लोणीला तर १९५० च्या सुमाराला आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्यानंतर जिल्ह्यात कारखान्यांची रांगच लागली. दिवाळीच्या आगेमागे गळीत हंगाम सुरू होतो आणि रस्त्यावर उसाच्या डबल ट्रॉल्या आणि बैलगाड्या उतरतात. ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंनी वाढं बाहेर आलेलं असतं, मागे लाल दिवा असेलच असं नाही आणि ओव्हरटेक करायचं म्हटलं तर एक ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या मिळून एखाद्या बसपेक्षा लांब. अनुभवी माणसाचा घाम निघतो.

म्हणून दक्षिणेकडून. जामखेड, माहीजळगाव, कर्जत, श्रीगोंदा, बेलवंडी, पारनेर, टाकळी ढोकेश्वर, मांडवे, साकूर, संगमनेर, अकोले, राजूर. श्रीगोंद्यात ऊस भेटेलच, पण पारनेरचा मुलूख कोरडा. तिथे मेंढ्या भेटतील. पारनेर तालुक्यातल्या धवळपुरीकडचे धनगर पावसाळा संपला की कळप घेऊन कोकणाकडे निघतात. कळप समोर आला की काय करायचं, हे बाबांनी एका वाक्यात संपवलं: "इंजिन बंद कर आन् बस." सरळ रस्त्यापेक्षा चाळीस-पन्नास किलोमीटर जास्त. संगमनेरच्या पुढचे शेवटचे पंचेचाळीस किलोमीटर कोल्हार-घोटी राज्यमार्गाचे, त्याला पर्याय नाही.

हे ऐकून तुम्हाला वाटेल, वा, छोटे रस्ते म्हणजे सेफ. थांबा. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ३६ टक्के राष्ट्रीय महामार्गांवर, २४ टक्के राज्य महामार्गांवर. राष्ट्रीय महामार्ग एकूण रस्त्यांच्या जेमतेम दोन टक्के, हे लक्षात घेतलं तर आकडा भयानक आहे. पण उरलेले ३९ टक्के इतर रस्त्यांवरच गेले, तेही लक्षात असू द्या. एकूण मृत्यूंपैकी ७० टक्क्यांहून जास्त अतिवेगाच्या खात्यात नोंदलेत. छोट्या रस्त्यावर माझ्यासारखीला फायदा एवढाच, की सगळं तीस-चाळीसच्या स्पीडला घडतं आणि विचार करायला वेळ मिळतो.

आणि विचार भरपूर करावा लागतो. एकपदरी डांबरी म्हणजे पावणेचार मीटर रुंदी. समोरून गाडी आली की दोघांनीही डावी चाकं साइडपट्टीवर उतरवायची. डांबराची कड आणि साइडपट्टी यात कुठे कुठे वीतभर उंचीचा फरक असतो आणि खाली काळी माती. स्पीडमध्ये उतरलात तर स्टिअरिंग हातातून ओढलं जातं. आधी स्पीड मारायचा, मग चाक उतरवायचं, परत चढताना घाई नाही. पुण्यातल्या क्लासमध्ये मला पॅरलल पार्किंग शिकवलं, हे कोणी शिकवलं नाही. ते वहिनीने शिकवलं. ती झेडपीच्या शाळेत शिक्षिका, सहा वर्षं याच रस्त्यांनी रोज जाऊन-येऊन करते. तीन रविवार मी पुण्याहून जामखेडला आले आणि आम्ही दोघी सकाळी साडेसहाला अरणगावच्या बाजूला नुसतं चाक उतरवायला आणि चढवायला जात होतो. रस्त्यात वाळत घातलेलं सोयाबीन, पट्टे न मारलेले गतिरोधक, कठडा नसलेली विहीर, सगळ्यांशी ओळख झाली.

खरा पेच वेगळाच आहे. हायवे टाळता येतो, तोडावा लागतोच! तुंब्याला वळसा घालायचा तर प्रत्येक आरा आडवा येणार. माझ्या मार्गात सोलापूर रस्ता माहीजळगावला, दौंड रस्ता आणि त्याच्या सोबतीने जाणारी रेल्वे लाइन श्रीगोंद्याच्या पुढे, पुणे रस्ता सुप्याच्या आसपास, कल्याण रस्ता टाकळी ढोकेश्वरला. शिवाय आऱ्यांत न मोडणारा पुणे-नाशिक महामार्ग संगमनेरजवळ. दोन दिवसांत पाच वेळा.

म्हणून मी स्टॉपवॉच लावलं. बाजार समितीच्या रिकाम्या आवारात चुन्याच्या दोन रेघा मारल्या, दुपदरी रस्त्याएवढ्या अंतरावर. गाडी थांबलेली, फर्स्ट गिअर, रेघ ओलांडून मागचा बंपर बाहेर. वहिनीला चार सेकंद लागले. मला सात. आता ताशी ८० ने येणारा ट्रक सेकंदाला २२ मीटर कापतो, म्हणजे दर सेकंदाला क्रिकेटचं एक पिच आणि वर थोडं. सात सेकंदांत दीडशे मीटर, अख्खं मैदान! त्यात मला वाटणारं अंतर आणि खरं अंतर यातला फरक धरा. म्हणजे मला दोन्ही बाजूंना किमान अडीचशे मीटर मोकळे दिसले पाहिजेत, तरच पाय उचलायचा. जिथे दुभाजक आहे तिथे अर्धा रस्ता तोडून मध्ये थांबता येतं, दुभाजकाच्या तोंडाशी गाडी मावत असेल तर. जिथे नाही तिथे एका दमात. मागून कितीही हॉर्न वाजोत. 'एल' लावलाय तो त्यासाठीच.

यावर एक सोपा उपाय आहे, बरं का. ज्या चौकात जमणार नाही तिथे शंभर मीटर अलीकडे थांबायचं, उतरायचं आणि वहिनीला गाडी द्यायची. यात इगोचा प्रश्न येतो कुठे? रेल्वेतसुद्धा घाट आला की मागून जादा इंजिन लावतात.

पण हे सगळं वहिनी शेजारी आहे असं धरून. आणि शेजारची सीट हाच आमच्या प्लॅनचा सगळ्यात अवघड भाग निघाला.

बाबांनी धरलेलंच होतं की ते पुढे बसणार. लर्नर मुलगी, शेजारी तीस वर्षांचा ड्रायव्हर. याहून चांगलं काय? आणि कागदावर ते बरोबरच होतं. पंचावन्नच्या पुढे लायसन्स पाच-पाच वर्षांनी रिन्यू होतं. त्यांचं शेवटचं रिन्यूअल काचबिंदू कळायच्या आधीचं, त्यामुळे अजून वर्षभर व्हॅलिड. कार्ड बघून कोणी अडवणार नाही. पण डावीकडून आलेली बाइक त्यांना दिसणार नाही. मला ती सांगायला माणूस हवा आहे तोच मुळी डाव्या बाजूसाठी.

हे त्यांना कोणी सांगायचं? आईने विषय काढला नाही. वहिनी म्हणाली, "ताई, मी सून आहे. तुम्हीच बोला." दादा फोनवर म्हणाला, रेंज जातेय. एका संध्याकाळी बाबा वहीत पारनेरचा मुक्काम लिहीत होते. तिथे त्यांच्या गाडीवर अकरा वर्षं असलेले कंडक्टरकाका राहतात, पहिल्या दिवसाचा मुक्काम त्यांच्याकडे. मी म्हटलं, "बाबा, पुढे वहिनीला बसू दे. तुम्ही मागे, डावीकडे, आईच्या शेजारी."

ते लिहायचे थांबले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पेनाचं टोपण लावत म्हणाले, "कार्ड हाय माझ्याकडं."

"माहितेय. पण कार्डाला डावीकडचं दिसत नाही."

आईने आत भांडं आपटलं. बाबा उठून अंगणात गेले, वॅगन-आरच्या डाव्या बाजूला उभे राहिले, मागचं दार उघडून आत बसले. दार लावून घेतलं. खिडकीची काच खाली-वर करून बघितली. दहा मिनिटांनी आत आले आणि वहीत पहिल्या पानावर, जिथे ट्रिपशीटसारखे रकाने आखले होते, तिथे 'चालक' या शब्दापुढे माझं नाव लिहिलं. 'वाहक' पुढे स्वतःचं. मग म्हणाले, "एक घंटी थांबा, दोन घंट्या चला. माहितीय ना?"

त्यानंतर प्लॅन भराभर पुढे सरकला, कारण शेजारच्या सीटचा वेगळा रकाना वहीतच आला. त्यात अजून एक भोक होतं. वहिनीचं माहेर साकूर पठारावर. भाऊबीजेला तीही बहीणच आहे, ती तिथे उतरणार. मग साकूर ते राजूर माझ्या शेजारी कोण? लर्नर एकटी पुढे जाऊ शकत नाही. शेवटी राजूरच्या आतेभावाने आदल्या संध्याकाळी एसटीने साकूरला येऊन थांबायचं कबूल केलं. त्याचं लायसन्स व्हॅलिड आहे का, ते मी फोटो मागवून तपासलं. तो जरा चिडला. चिडू दे.

बाकीचं थोडक्यात. रोज सव्वाशे-दीडशे किलोमीटर, सरासरी तीसचा स्पीड, दर तासाला थांबा. सकाळी सातला निघायचं, दुपारी तीन-साडेतीनला टेकायचं. नोव्हेंबरात सहाला अंधार पडतो आणि दिवा नसलेली ट्रॉली मला अंधारात भेटायला नकोय. टाकळी ढोकेश्वरला लेणं बघायचं, कारण आईने ते एसटीच्या खिडकीतून पाटीपुरतंच पाहिलंय. साकूरच्या पुढचे चढ-उतार आतेभावाकडे. टाकी पारनेरला फुल. स्टेपनीत हवा, पीयूसी, इन्शुरन्स, झालं.

सुप्याचं तेवढं राहिलंय. तिथे एमआयडीसी, त्यामुळे कंटेनरची रांग. वहिनी म्हणते, तिथे ती चालवणार. माझं म्हणणं, दुभाजकाच्या तोंडाशी गाडी नीट मावत असेल तर मी. वाहकाने वहीत त्या ओळीपुढे प्रश्नचिन्ह टाकून ठेवलंय. आई म्हणते, तिथे आधी चहा प्या, रस्ता बघा आणि मग काय ते ठरवा.